उजळलेल्या प्रतिमेचा प्रश्न

धाराशिव तालुक्यातील बेंबळी या गावी माझ्या थोरल्या काकू राहतात. त्यांच्या कपाळावर आणि दोन्ही हातांवर लहानपणी गोंदवून घेतलेली हिरवी नक्षी आहे. वयाबरोबर ती फिकट झाली आहे. पण तुळस ओळखू येते, बाजूचे ठिपकेही ओळखू येतात. याशिवाय त्यांच्या अंगावर आणखी तीन ठिपके आहेत. एक बेंबीखाली आणि एकेक दोन्ही कुशींवर. ते २०१४ साली एका रुग्णालयात गोंदले गेले. "ह्ये गोंदण मातर कुणाला दावायचं न्हाई," असे त्या हसत म्हणतात. किरणोपचाराच्या यंत्राखाली रुग्णाला रोज अचूक त्याच जागी निजवता यावे, म्हणून हे ठिपके असतात. यंत्राच्या बारीक प्रकाशरेषा त्या ठिपक्यांवर आणून बसवायच्या आणि मग दार लावून घ्यायचे.

काकूंची हकिकत आपल्याकडे पुष्कळ घरांत घडते तशीच आहे. अंगावर जाऊ लागले, कंबर दुखू लागली, तेव्हा एका लहान दवाखान्यात 'पिशवी' काढण्यात आली. काढलेल्या पिशवीचा तुकडा तपासायला गेला आणि पंधरा दिवसांनी कळले की गर्भाशयमुखाचा कर्करोग होता. तपासणी आधी आणि शस्त्रक्रिया नंतर हा साधा क्रम उलटा झाला. आता शेक घ्यावा लागेल, असे सांगण्यात आले. आपल्या भागात किरणोपचाराला 'शेक' म्हणतात, कोणी 'लाईट' म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे काकूंनी शेक घेतला. आज त्या हयात आहेत, स्वतःची भाकरी स्वतः थापतात. हे त्या शेकाचेच देणे आहे. पण त्या शेकाने दुसरेही एक देणे मागे ठेवले. त्यांच्या आतड्याला इजा झाली. गेली कित्येक वर्षे त्या लग्नाला जात नाहीत, एसटीत बसण्याआधी अर्धा दिवस काही खात नाहीत, आणि परक्या घरी गेल्यावर पहिल्यांदा मोरी कुठे आहे ते पाहून घेतात. हे दुःख सांगण्यासारखे नाही म्हणून त्यांनी ते सांगितले नाही. मलाही ते फार उशिरा कळले.

या लेखाचा प्रश्न त्या आतड्यापासून सुरू होतो.

किरणाला विवेक नसतो. त्याच्या वाटेत जे येते त्याला तो भाजतो; रोगट पेशी आणि निरोगी पेशी यांतला भेद त्याला आपण शिकवावा लागतो, आणि तो शिकवण्याचा एकच उपाय म्हणजे नेम. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच वर्षी ते उपचारासाठी वापरून पाहिले जाऊ लागले. तेव्हापासून आजवरचा किरणोपचाराचा इतिहास हा एका अर्थी नेम सुधारण्याचा इतिहास आहे. नेम सुधारायचा तर दिसले पाहिजे. आणि पोटाच्या आत जे आहे ते स्थिर नाही, हीच खरी अडचण. मूत्राशय भरले की वर सरकते, रिकामे झाले की खाली बसते. पिशवी काढली की तिची मोकळी झालेली जागा आतड्याची वेटोळी व्यापतात, म्हणजे नेमकी किरणांच्या वाटेत येऊन बसतात. आणि तीही आज इथे तर उद्या तिथे. उपचारापूर्वी एकदा सीटी स्कॅन करून आराखडा आखला जातो. पण तो आराखडा एका दिवसाच्या पोटाचा असतो आणि उपचार पाच आठवड्यांच्या पोटावर होतो. म्हणून जुन्या पद्धतीत नेमाभोवती ऐसपैस जागा सोडून किरण दिले जात. रोग सुटू नये ही त्यातली काळजी होती. त्या ऐसपैस जागेत आतडे सापडे.

ही हानी किती होते आणि किती टाळता येते, याचे उत्तर बाहेरून आणावे लागले नाही. ते मुंबईतच मिळाले. टाटा मेमोरियल केंद्रातील डॉक्टरांनी २०११ ते २०१९ या काळात, गर्भाशय काढल्यानंतर शेक घेणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ३०० स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने किरण दिले. उरलेल्यांना रोज आतली प्रतिमा पाहून, किरणांची तीव्रता जागोजाग कमीजास्त करीत उपचार दिला. तीन वर्षांनंतर पहिल्या गटात आतड्याचा लक्षणीय त्रास १०० पैकी ४२ स्त्रियांना होता, दुसऱ्या गटात २१ जणींना. रोग दोन्हीकडे सारखाच आटोक्यात राहिला. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा मी ते आकडे पुनःपुन्हा वाचले. काकू त्या अभ्यासात नव्हत्या. पण ४२ आणि २१ यांमधली जी जागा आहे, तीत मला त्यांचा चेहरा दिसत राहिला.

तर, दिसणे ही गोष्ट इतकी मोलाची आहे. आता या दिसण्यातच एक नवा पाहुणा शिरला आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आज एका कर्करोग रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञ आहे. (किरणोपचारात डॉक्टरांइतकाच भौतिकशास्त्रज्ञ लागतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते, मात्रेचा हिशेब त्याचा असतो.) मागच्या वर्षी त्याने मला संगणकाच्या पडद्यावर दोन प्रतिमा शेजारीशेजारी दाखवल्या. पहिली करड्या रंगाची, पिंजारल्यासारखी, आडव्यातिडव्या पट्ट्यांनी भरलेली. उपचाराच्या यंत्रालाच जोडलेली क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते, मिनिटभरात शेकडो छायाचित्रे घेते, आणि त्यांवरून गणित करून ही प्रतिमा तयार होते. रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले किरण तीत मिसळतात, पोटातला वारा हलला की पट्टे उमटतात. दुसरी प्रतिमा त्याच स्त्रीची, त्याच क्षणाची, पण स्वच्छ. मूत्राशयाची कड रेखीव, आतड्याच्या भिंती स्पष्ट. "ही कुठून आली?" मी विचारले. "पहिलीवरून यंत्राने केली, सर," तो म्हणाला.

यंत्राने म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने. तिला आधी हजारो जोड्या दाखवल्या जातात: ही धूसर प्रतिमा, ही स्वच्छ प्रतिमा. अशा जोड्या पाहून पाहून ती शिकते की या प्रकारच्या धूसरपणामागे बहुधा या प्रकारचा अवयव असतो. मग नवी धूसर प्रतिमा दिली की तिच्या जोडीची स्वच्छ प्रतिमा ती काही क्षणांत तयार करून देते. शिवाय अवयवांच्या कडाही आखून देते. पूर्वी हे काम डॉक्टर एकेका छेदावर हाताने करीत आणि अवघड रोग्याला त्यात काही तास जात. याच आधारे आराखडा रोजच्या रोज, त्या दिवसाच्या पोटाप्रमाणे बदलणे आता शक्य झाले आहे. काकूंना जे मिळाले नाही, ते हे.

मी त्या स्वच्छ प्रतिमेतल्या आतड्याच्या एका कडेवर बोट ठेवले आणि विचारले, "ही कड या बाईच्या पोटात खरोखर आहे?" तो जरा थांबला. मुलगा प्रामाणिक आहे. म्हणाला, "बहुतेक असावी."

या 'बहुतेक' शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे.

आपल्या न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोंगरावर धूर दिसतो, हे प्रत्यक्ष. म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान. दोन्ही प्रमाणेच आहेत, दोन्ही ग्राह्यच आहेत. पण त्या शास्त्रकारांनी ती वेगळी मोजली, कारण चूक कोठे होऊ शकते ते दोन्हींत वेगळे असते. धूर समजून कोणी धुक्याला भुलला, तर त्याला दोष दाखवून देता येतो: 'तू जे पाहिलेस तो धूर नव्हता.' तेथे पाहणे एका बाजूला असते आणि निष्कर्ष दुसऱ्या बाजूला. दोहोंमधली फट उघडी असते. आता अशी कल्पना करा की एखाद्या चित्रकाराने धूर पाहिला आणि आपल्याला डोंगराचे जे चित्र दिले त्यात थेट ज्वाळा रंगवून दिल्या. आणि आपण ते चित्र छायाचित्र म्हणून हाती घेतले. ज्वाळा तेथे असतीलही. पण आपण अग्नी पाहिलेला नाही, आणि न पाहिल्याचे आपल्याला कळतही नाही. उजळलेल्या प्रतिमेत नेमके हे घडते. अनुमान प्रत्यक्षाचे वस्त्र लेवून समोर येते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो खोडता येण्याजोगा नाही, निदान सहजासहजी नाही. सीटी स्कॅन तरी कोठे प्रत्यक्ष आहे? तेही गणितच आहे. डोळा तरी कोठे नुसता पाहतो? अनुभवी डॉक्टर धूसर प्रतिमेत जे 'पाहतो' ते त्याने आधी पाहिलेल्या शेकडो पोटांच्या आठवणीवरूनच. मग यंत्राने तेच केले तर बिघडले कोठे?

मला दोन फरक दिसतात. पहिला असा की, सीटीचे गणित ज्या मोजणीवर चालते ती सगळी त्याच देहातून आलेली असते. किरण या बाईच्या शरीरातून आरपार गेले, किती उरले ते मोजले, त्यावरून आतले चित्र मांडले. चूक झाली तरी ती याच देहाविषयीची चूक. नव्या प्रतिमेत मात्र काही भाग या देहातून आलेला आणि काही भाग इतर देहांच्या स्मृतीतून आलेला असतो. आणि त्यांची सांधेजोड इतकी सफाईची असते की शिवण दिसत नाही. दुसरा फरक डॉक्टरांविषयीचा. डॉक्टर स्मृतीवरून बोलतो तेव्हा 'मला वाटते' म्हणतो. शंका आली तर तो पुन्हा तपासतो, रुग्णाला विचारतो, वडीलधाऱ्या सहकाऱ्याला बोलावतो. प्रतिमेला 'मला वाटते' म्हणता येत नाही. तिच्यात खात्रीची कड आणि अंदाजाची कड एकाच जाडीच्या रेषेने काढलेली असते.

हे केवळ तर्कट नाही. २०१८ साली माँट्रिआल येथील संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. मेंदूची एका प्रकारची एमआरआय प्रतिमा घेऊन तिचे दुसऱ्या प्रकारच्या प्रतिमेत रूपांतर करायला त्यांनी यंत्राला शिकवले. शिकवण्याच्या चित्रांतले प्रमाण मात्र त्यांनी मुद्दाम बदलून पाहिले. ज्या यंत्राला लक्ष्य म्हणून निरोगी मेंदूंचीच चित्रे दाखवली होती, त्याने रुग्णाच्या मेंदूतली गाठ पुसून टाकली. ज्याला गाठी असलेलीच चित्रे दाखवली होती, त्याने निरोगी मेंदूत गाठ काढून दिली. दोन्ही चित्रे सुबक होती. यंत्र लबाड नव्हते. त्याला जे पाहायची सवय लावली होती ते त्याने पाहिले. हा दोष मनुष्यमात्रातही आहे. परंतु माणसाचा पूर्वग्रह आपण ओळखतो, त्याच्याशी भांडतो. चित्राशी कोणी भांडत नाही.

येथे बेंबळीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि अधिक टोकदार होऊन. यंत्राच्या स्मृतीत कोणाचे देह आहेत? ज्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे प्रतिमा जतन केल्या गेल्या त्या रुग्णालयांतले. ती बहुतांशी युरोप-अमेरिकेतली आणि आपल्याकडची असली तर महानगरांतली. आयुष्यभर ज्वारीच्या काढणीत कंबर मोडलेल्या, अंगावर मांस नसलेल्या, तीनचार बाळंतपणे घरीच झालेल्या, रोग पुढे गेल्यावरच दाराशी आलेल्या बाईचे पोट त्या स्मृतीत किती वेळा आले असेल? आले नसेल तर यंत्र तिला दुसऱ्याच कुणा बाईसारखी करून दाखवील. तिच्या पोटाची जी विशेष गोष्ट, तीच नेमकी 'दोष' म्हणून पुसली जाण्याचा संभव. गरिबाचे म्हणणे सरासरीत हरवते हे आपण आजवर सरकारी कचेऱ्यांत पाहत आलो. आता ते देहाच्या आत घडू शकते.

यावर उपाय उघड आहे: त्यांच्याही प्रतिमा घ्या, यंत्राला दाखवा. पण धाराशिव जिल्ह्याला हा उपाय नवा नाही, आणि म्हणूनच मला येथे सावकाश बोलावेसे वाटते.

बार्शी आमच्याहून फार दूर नाही. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईची टाटा मेमोरियल संस्था यांच्या सहकार्याने १९८७ साली तेथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातल्या खेड्यांसाठी अशी नोंदणी त्याआधी नव्हती. बार्शीबरोबर आमच्या जिल्ह्यातल्या परंडा आणि भूम तालुक्यांतली गावेही तिच्यात होती. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारोदार फिरून जे काम केले त्याविषयी मनात आदरच आहे. पुढे १९९९ च्या ऑक्टोबरात तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. गावांचे ५२ समूह करण्यात आले आणि ३० ते ५९ या वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची नोंद झाली. कोणत्या समूहाला काय मिळणार ते सोडतीने ठरले. काहींना विषाणूची चाचणी, काहींना पेशींची, काहींना औषध लावून डोळ्यांनी पाहण्याची. चौथ्या गटाला माहिती देण्यात आली, चाचणी नाही. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात निष्कर्ष आले. विषाणूची चाचणी केवळ एकदा झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले; चाचणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४.

या अभ्यासाने जगाला जे शिकवले त्याचे मोल वादातीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली विषाणूची चाचणी प्रथम पसंतीची म्हणून सुचवली, तिच्यामागे उभ्या असलेल्या पुराव्यांत आमच्या जिल्ह्यातल्या बायांचा पुरावा ठळक आहे. तरीही त्या चौथ्या गटावरून वैद्यकीय नीतिशास्त्रात जो वाद झाला तोही अनाठायी नव्हता. समर्थक म्हणाले, त्या गावांत एरवीही चाचणी नव्हतीच. अभ्यासाने त्यांचे काही काढून घेतले नाही. टीकाकार म्हणाले, चाचणीने जीव वाचतात हे अन्यत्र ठाऊक असताना एका गटाला नुसते पाहत राहणे हे योग्य कसे? मला दोन्ही बाजू ऐकून एवढेच वाटते, की ६४ हा आकडा लिहिताना हात किंचित अडखळला पाहिजे. ज्ञान कोणाच्या तरी देहातून येते. ज्याच्या देहातून आले त्याला ते परत मिळते का, हा प्रश्न विज्ञानाच्या बाहेरचा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

तोच प्रश्न आता प्रतिमांविषयी विचारावा लागेल. उपचारासाठी काढलेली प्रतिमा ही रुग्णाची, रुग्णालयाची, की ती वापरून यंत्र घडवणाऱ्या कंपनीची? नाव काढून टाकले की देहावरचा हक्कही संपतो का? दाखल होतानाच्या कागदावर अंगठा घेतला जातो. त्या अंगठ्यात पाच वर्षांनी घडणाऱ्या यंत्राला दिलेली संमती शोधायची का? आणि दुसरीकडे, कोणी म्हणाले की आमच्या बायांच्या प्रतिमा देणारच नाही, तर त्या बाया यंत्राच्या स्मृतीबाहेर राहतील आणि पुन्हा नुकसान त्यांचेच होईल. दिले तरी भीती, न दिले तरी तोटा. या पेचातून सुटण्याची सोपी वाट मला दिसत नाही.

ख्रिस्तसभेनेही या विषयात लक्ष घातले आहे, त्याचा येथे उल्लेख केला पाहिजे. २०२० च्या फेब्रुवारीत रोममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयी एका आवाहनावर सह्या झाल्या. आणि २०२५ च्या जानेवारीत व्हॅटिकनने 'अँटिक्वा एत नोव्हा' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. उपचाराचा निर्णय आणि त्याची जबाबदारी माणसाकडेच राहिली पाहिजे, ती यंत्राकडे सोपवता कामा नये, असा त्याचा आरोग्यसेवेविषयी आशय आहे. हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पण आपल्या या उदाहरणात ते पुरेसे पडत नाही, असे नम्रपणे नोंदवावेसे वाटते. निर्णय डॉक्टरच घेतो. सहीही त्याचीच असते. मात्र ज्या प्रतिमेवरून तो निर्णय घेतो ती यंत्राने घडवलेली असेल, आणि मूळ प्रतिमा त्याने उघडूनही पाहिली नसेल, तर निर्णय माणसाकडे राहिला म्हणजे नेमके काय राहिले? न्यायाधीश स्वतंत्र आहे, पण साक्षीदाराचा जबाब कारकुनाने सुवाच्य करताना दोन वाक्ये घातली आहेत, अशी ती अवस्था आहे.

यंत्रावरचा विश्वास कोठवर जाऊ शकतो, याचे किरणोपचारातले एक जुने उदाहरण आहे. थेरॅक-२५ नावाचे संगणकाधीन यंत्र कॅनडात तयार झाले होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा मिळून सहा रुग्णांना त्या यंत्राने प्रचंड मात्रा दिली, काही दगावले. १९८५ साली जॉर्जियातील एका स्त्रीने टेबलावरून उठताच सांगितले की मला भाजले. तिला उत्तर मिळाले की हे शक्य नाही. पुढच्या वर्षी टेक्ससमध्ये एक रुग्ण वेदनेने उठू लागला, तेव्हा पडद्यावर मात्रा कमी पडल्याचे दिसत होते आणि एक अनाकलनीय क्रमांक उमटला होता. कारण पुढे संगणकाच्या आज्ञावलीत सापडले. मला त्या घटनेतली यंत्राची चूक तितकी बोचत नाही. बाई 'भाजले' म्हणते आणि पडदा 'नाही' म्हणतो, तेव्हा पडद्याचे खरे मानले गेले, हे बोचते. बाईचे म्हणणे हेही प्रत्यक्षच होते. किंबहुना तेवढेच प्रत्यक्ष होते.

एवढे सगळे लिहून झाल्यावर कोणी विचारील, मग तुमचे म्हणणे हे यंत्र नको असे आहे काय? नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. ज्याच्या घरात कोणी रांगेत उभे राहिलेले आहे त्यालाही तो नाही. डॉक्टर थोडे आहेत, भौतिकशास्त्रज्ञ त्याहून थोडे. कडा आखण्यात जाणारे तास वाचले तर रांग पुढे सरकते, आणि या रोगात रांगेतले आठवडे म्हणजे आयुष्यच. धूसर प्रतिमेवरून ऐसपैस किरण देणे हाही एक अंदाजच होता. त्या अंदाजाची किंमत काकू दररोज मोजतात. जुन्या चुकीची सवय झाली म्हणून ती निष्पाप ठरत नाही.

माझे मागणे त्यामानाने लहान आहे. मूळ धूसर प्रतिमा टाकून देऊ नये. ती उजळलेल्या प्रतिमेशेजारी पडद्यावर असावी आणि डॉक्टरला ती पाहावीच लागावी. यंत्राने जेथे अंदाज केला तेथे रेषा फिकट काढावी. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, माझा विद्यार्थीच सांगत होता की अनिश्चितता मोजण्याच्या पद्धतींवर काम चालू आहे. ते काम प्रतिमा सुंदर करण्याच्या कामाइतकेच निकडीचे मानले जावे. कोणतेही यंत्र आपल्याकडे बसवण्यापूर्वी ते आपल्याकडच्या देहांवर पारखून घ्यावे. आणि ज्यांच्या प्रतिमा घेतल्या त्यांना समजेल अशा मराठीत विचारावे. या शेवटच्या गोष्टीला पैसा लागत नाही, केवळ वेळ लागतो. म्हणूनच ती होणार नाही अशी मला धास्ती आहे.

दिवाळीत बेंबळीला गेलो होतो. ओसरीवर बसून मी काकूंना हे सारे जमेल तसे सांगितले. त्या वाती वळत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मला शेक देताना रोज सांगायचे, हालायचं न्हाई. मी श्वाससुदिक धरून पडायची. माझं आतडं आतल्या आत हाललं त्येला मी काय करनार व्हते?" इतकी वर्षे त्यांच्या मनात हे राहिले होते, की आपणच कधीतरी हललो असू. तुमची काही चूक नव्हती, आतडे हलतेच, असे मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली; पण त्यांना ते पटले की नाही, हे मला सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्या यंतराला माझ्यावानी बाया दावल्यात का?"

"फार नाहीत, काकू."

त्या उठल्या. आत जाऊन पेटीच्या तळातून प्लॅस्टिकची पिवळी पडलेली पिशवी घेऊन आल्या. तिच्यात २०१४ सालच्या फिल्मा होत्या, कडेला चिकटलेल्या. "ह्या घेऊन जा तुझ्या त्या पोराकडं. चालतेत का बघ म्हनावं. आन् चालल्या तर मला सांग, कशाला वापरल्या ते." फिल्मांवरून आज काही शिकता येत नाही, यंत्राला संगणकातली मूळ मोजणी लागते, हे मला ठाऊक होते, पण ते त्यांना सांगण्याचा धीर झाला नाही. मी एक फिल्म काढून अंगणातल्या उजेडाकडे धरली. करडी, पिंजारलेली, आडव्या पट्ट्यांची. खालच्या कोपऱ्यात वय बरोबर होते. नाव चुकीचे छापलेले होते.